काट्याचा हात

सासवडच्या अलीकडे माळ सुरू होतो, तिथं एक बाभूळ आहे. आश्विनातलं ऊन तिच्या पिवळ्या गोंड्यांतून झिरपत असताना शेंड्याकडच्या काडीवर तो येऊन बसतो. राखी डोकं, कमरेकडं उतरता उतरता तांबूस झालेली पाठ, वाऱ्यावर तोल सावरणारी लांब शेपटी, आणि कपाळावरून दोन्ही डोळ्यांवर ओढलेली काळीभोर पट्टी. त्या पट्टीमुळं खाटीक पक्ष्याच्या जातीला गांधारी असंही नाव पडलं. पण ही गांधारी गवतातला नाकतोडा लांबून हेरते.

लहानपणी याच माळावर मी काट्याला टोचलेला नाकतोडा पहिल्यांदा पाहिला. त्याचा एक पाय अजून हलत होता. ‘‘आजी, कुणी केलं गं हे?’’

‘‘खाटकानं. हात लावू नगंस, त्याचं दुकान हाय त्ये.’’

पुढं पुस्तकांत कळलं, की लिनियसनंही १७५८ साली या वंशाला लॅटिनमधलं खाटकाचंच नाव दिलं, लॅनियस. चोच ससाण्यासारखी आकडेबाज, पण पाय मात्र चिमणीच्या जातकुळीचे. त्या पायांत सावज दाबून फाडण्याचं बळ नाही. म्हणून सरडा असो की उंदराचं पिल्लू, तो काट्यात अडकवतो आणि मग लचके तोडतो. क्रौर्य कसलं त्यात? त्यानं बाभळीकडून हात उसना घेतलाय.

आणि तो गातो. एरवीची हाक कर्कश, कान किटवणारी. पण एखाद्या निवांत दुपारी, कुणी ऐकत नाही अशा समजुतीत असल्यासारखा, तो घशातल्या घशात गुणगुणू लागतो, आणि त्या गुणगुणण्यात मधेच टिटवी येते, मधेच कुत्र्याचं पिल्लू कुंईकुंई करतं, कुठं खार चिरकते, अख्खा माळ त्या एवढ्याशा गळ्यातून वाहत जातो. उगाच नाही त्याला नकल्या म्हणत.

आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, आणि पाहुणा आला की त्याच हातांनी कोंबडी कापायची. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. सकाळी काट्यावर एक हिरवा नाकतोडा होता.

उन्हं कलल्यावर परतताना पाहिलं, काटा मोकळा होता.