तीन नकाशे आणि एक कबर

नागपूरला गेलेल्या माणसाने परतताना संत्र्यांची करंडी आणावी, अशी आमच्या पुण्याकडे रीत आहे. गेल्या हिवाळ्यात मी एका परिसंवादासाठी तिकडे गेलो तेव्हा सोबत सौ. होती आणि माझा भाचाही होता. भाचा संगणकाच्या कचेरीत नोकरीला आहे आणि त्याला रजा मिळाली होती. परिसंवाद शनिवारी आटोपला. परतीची गाडी रविवारी रात्रीची. मधला सबंध दिवस मोकळा. सौ.च्या मनात रामटेक होते, भाच्याच्या मनात ताडोबाचा वाघ. मी म्हणालो, "हिंगणघाटला जाऊ."

"तिथं काय आहे, मामा?"

"एक कबर आहे."

यानंतर जी शांतता पसरली तिचे वर्णन करण्याची गरज नाही. अखेर येताना सेवाग्राम दाखवायचे, या बोलीवर तह झाला.

ती कबर विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रजाची. आज आपण खिशातला फोन काढतो आणि एक निळा ठिपका आपण कुठे उभे आहोत ते सांगतो. या देशात जागेची अशी काटेकोर मोजदाद ज्याने सुरू केली, तो हा गृहस्थ. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ त्याने पहिली आधाररेषा मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल. हत्यार म्हणजे शंभर फुटी पोलादी साखळी. ती सुमारे चारशे वेळा उचलायची, ताणायची आणि पुन्हा ठेवायची! एक बाजू अशी मोजली की मग दूरच्या टेकडीशी होणारे कोन मोजायचे, त्रिकोण सोडवायचा, त्याच्या बाजूवर दुसरा त्रिकोण उभारायचा. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडीत तो दक्षिण भारतभर हिंडला. कोन मोजायचे यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचे. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना ते आपटले आणि त्याची चक्री वाकली. लॅम्बटनने ते तंबूत नेले आणि आठवडेच्या आठवडे खपून स्वतःच्या हाताने सरळ केले. हैदराबादहून नागपूरकडे यंत्रसामग्रीनिशी येताना हिंगणघाटला त्याने देह ठेवला, तो १८२३ च्या जानेवारीत. त्याचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालवले. त्या एव्हरेस्टचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाट आले.

सकाळी निघताना आधी झिरो माईलपाशी थांबलो. त्या मोजणीशी नाते सांगणारा हा स्तंभ १९०७ सालचा. वालुकाश्माचा खांब, शेजारी चार घोडे. हाच भारताचा मध्यबिंदू, असे नागपूरकर मोठ्या प्रेमाने सांगतात, आणि पाहुण्याने त्यावर वाद घालू नये. तिथेच आमच्या मोटारीत मात्र वादाला तोंड फुटले. निघायच्या वेळी तिघांनी तीन फोन काढले आणि तिन्हींत तीन निरनिराळ्या कंपन्यांचे नकाशे. एक गूगलचा, एक अ‍ॅपलचा, एक आपल्या देशी मॅपमायइंडियाचा 'मॅपल्स'. कोणता कोणाच्या हातात होता ते मी सांगणार नाही. थोरामोठ्यांच्या भांडणात मास्तराने पडू नये.

आणि भांडण खरेच थोरामोठ्यांचे आहे. बुटीबोरीपर्यंत भाच्याने त्याचे सगळे पुराण ऐकवले. गूगलच्या नकाशाचे मूळ सिडनीतल्या चार जणांच्या एका लहानशा कंपनीत. ती गूगलने २००४ साली घेतली आणि २००५ च्या फेब्रुवारीत नकाशा जगापुढे ठेवला. त्या वेळी मोटारीत वाट दाखवणारी यंत्रे विकत मिळत आणि ती करणाऱ्या कंपन्या चैनीत होत्या. २००९ च्या ऑक्टोबरात गूगलने तीच सोय फोनवर फुकट देऊ केली. त्याच दिवशी शेअरबाजारात त्या कंपन्यांचे भाव कोसळले. २०१२ साली अ‍ॅपलने गूगलचा नकाशा आपल्या फोनमधून काढला आणि स्वतःचा बसवला. तो इतका कच्चा निघाला की, कंपनीच्या प्रमुखाला, टिम कुक यांना, जाहीर दिलगिरी व्यक्त करून ग्राहकांना 'तूर्त दुसऱ्यांचे नकाशे वापरा' असे सांगावे लागले. पुढल्याच वर्षी गूगलने वेझ ही इस्रायली कंपनी शंभर कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मोजून घरात आणली.

"पण फुकट देऊन यांना मिळतं काय?" सौ.ने विचारले. मला वाटते, सगळ्या पुराणातला खरा प्रश्न हाच होता.

भाच्याने सांगितले ते असे. आपल्याला नकाशा फुकट. पण घरपोच जेवण देणारे, टॅक्सीवाले, माल पोचवणारे यांचे धंदे त्याच नकाशावर चालतात आणि त्यांना प्रत्येक विचारणेमागे पैसे मोजावे लागतात. दुकानदार जाहिरातीचे पैसे देतात. आणि आपण फुकटे म्हणावे, तर तेही खरे नाही. रस्त्यावर गर्दी आहे हे कंपनीला कळते ते आपलेच फोन हळू सरकताना दिसतात म्हणून. २०२० साली बर्लिनमध्ये एका कलावंताने हातगाडीत ९९ फोन घातले आणि रिकाम्या रस्त्यावरून रमतगमत फेरी मारली. नकाशावर तो रस्ता लालभडक झाला! तात्पर्य, वाट विचारणारेही आपण आणि नकळत सांगणारेही आपणच.

आपल्याकडचा रंग आणखी निराळा. मॅपमायइंडियाचा संसार १९९५ पासूनचा, म्हणजे गूगलच्या जन्माआधीचा. पूर्वी या देशात नकाशे करायचे म्हणजे परवानग्यांचे दुसरे त्रिकोणमापन होते. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी सरकारने नियम सैल केले. देशी कंपन्यांना मुभा मिळाली आणि परदेशी कंपन्यांनी अतिसूक्ष्म मोजणीची माहिती देशी कंपन्यांकडून परवान्याने घ्यावी, असे ठरले. २०२२ साली गूगलने रस्त्यांची चित्रे दाखवायला सुरुवात केली ती अशाच देशी सोबत्यांना घेऊन, आणि पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक यांच्या जोडीला आपले नगरही होते. २०२४ च्या जुलैत ओला कंपनीने गूगलचा नकाशा सोडला आणि स्वतःचा मांडला; त्याच महिन्यात मॅपमायइंडियाने 'आमची माहिती उचलली' म्हणून तिला नोटीस धाडली, ओलाने आरोप नाकारला; आणि ऑगस्टपासून गूगलने धंदेवाल्यांसाठीचे आपले दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले. भाजीबाजारात दुसरी पाटी आली की पहिलीचा भाव उतरतो, त्यातलाच प्रकार. सौ.ला हे लगेच पटले.

एव्हाना जाम मागे पडले होते. दोन्ही बाजूंना कपाशीची शेते होती. वेचणी बरीच झाली होती, पण पळाट्यांवर उरलासुरला कापूस होता. इंग्रजी अमदानीत हिंगणघाटचा कापूस दूरदूरच्या बाजारांत नावाने ओळखला जाई. पुढे गावाला वळसा घालून जाणारा रस्ता फुटतो तिथे आमच्या तीन नकाशांनी तीन वाटा धरल्या. एक म्हणाला, सरळ पुढे जाऊन मग वळा. दुसरा म्हणाला, इथेच जुन्या रस्त्याला लागा. तिसऱ्यातली बाई एका पाणंदीकडे बोट दाखवीत होती आणि गावाचे नाव असे उच्चारीत होती की, विद्यापीठाच्या परीक्षेत मी तिला तोंडीला नापास केले असते. आमचे चालक नागपूरचेच. ते इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "सर, तुमचं तिघायचं ठरू द्या. तवरीक मी च्या घेतो."

चहाचे हॉटेल जुन्या रस्त्यावर होते. मालक साठीच्या घरातले, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. आम्ही बाहेरगावचे हे ओळखून त्यांनी चहाआधी पाणी दिले. बोलता बोलता त्यांनी आपली हकीकत सांगितली. गाड्या गावातून जात होत्या तेव्हा या हॉटेलात रात्रभर शेगडी विझत नसे. रस्ता बाहेरून गेला आणि गिऱ्हाईक तुटले. मुलाने फोनमध्ये हॉटेल चढवले, चार माणसे येऊ लागली. मग एका नकाशात ते कसे कोण जाणे नदीपलीकडे सरकले.

"लोक फोन करतेत, म्हंतेत, आम्ही तुमच्या हॉटेलापाशी उभे आहो, हॉटेल कुठी आहे? आता काय सांगू? मी तर इथंच आहो, साहेब. तीस वर्षं झाली, इथंच आहो."

हसू आले आणि हसवेनाही. नकाशा काढणाऱ्याचा हात जरासा हलला तर कागदावर केसभर फरक पडतो. पण त्या केसाएवढ्या जागेत कुणाची तरी चूल असते. कधी त्याहून भयंकरही होते. २०२१ च्या जानेवारीत कळसूबाईला निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात फोनवरच्या वाटेने पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. तिथला पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो, हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक होते. २०२४ च्या नोव्हेंबरात बरेलीकडे रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली पडून तिघे गेले. नकाशात पूल होता. पुलाच्या तोंडाशी धड अडथळा मात्र कोणी उभा केला नव्हता. दोष एकट्या नकाशाचा म्हणता येणार नाही. पण रस्त्याचे रोजचे सुखदुःख ज्यांना ठाऊक, त्यांचे शब्द त्या नकाशापर्यंत पोचले नव्हते, एवढे खरे.

"गोऱ्या सायबाची कबर पाह्यची होय?" मालक म्हणाले. "माह्या पोराला देतो संगं. तुमच्या त्या बाईच्या भरवशावर राहसान तर वणा नदीत उतरसान."

मुलगा मोटारीपुढे सायकल घेऊन निघाला आणि दहा मिनिटांत आम्ही पोचलो. डामडौल काही नाही. गवत, काटेरी झुडपे, दगडी बांधकाम. त्यावर एक सरडा ऊन खात होता. सौ.ने वाटेत घेतलेल्या फुलांतली दोन ठेवली. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, वीस वर्षं हा माणूस टेकड्या चढला?"

वीस वर्षे. आणि काही एकटाच नव्हे. झेंडे धरून दूरच्या टेकडीवर दिवसचे दिवस उभे राहणारे, साखळी ओढणारे, यंत्र खांद्यावर वाहणारे, हिवतापाने तंबूत मेलेले शेकडो आपले लोक. त्यांच्या कबरी नाहीत आणि नावेही नाहीत. दुर्बिणीतून साहेब आमच्या बायका पाहतो, अशी समजूत होऊन गावोगाव लोक अंगावर येत, ती समजूत घालायचे कामही त्यांचेच असणार. मोजणी कंपनी सरकारने केली ती लोकांना वाट सापडावी म्हणून नव्हे, मुलूख ताब्यात राहावा म्हणून. आजच्या कंपन्यांपाशी फौज नाही, त्यांना मुलूख नको, आपले येणेजाणे हवे आहे. फरक मोठा आहे आणि तो मी मान्य करतो. पण तेव्हाही साखळी ओढणाऱ्याला नकाशा पाहायला मिळत नव्हता, आणि आजही हॉटेल कुठे आहे ते ठरवण्यात हॉटेलवाल्याचे काही चालत नाही. म्हणून या कंपन्या एकमेकींशी भांडत आहेत ते मला बरेच वाटते. दुकान एकच असले की, गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे ऐकायला कोणी उरत नाही.

परत हॉटेलवर आलो तेव्हा गरम आलूबोंडे तयार होते. भाच्याने हात पुसले, तिन्ही फोन समोर मांडले, दारात उभे राहून हॉटेलचा फोटो काढला आणि तिन्ही कंपन्यांकडे दुरुस्ती धाडली. मालकाच्या मुलाला ते कसे करायचे तेही शिकवले. मालकांनी पैसे घेतले नाहीत. सौ.ने मग मोजून दोन डझन बोंडे गाडीसाठी बांधून घेतली आणि त्यांचे पैसे मात्र घ्यायला लावले.

सेवाग्राम पाहिले, गाडीही मिळाली. दोन कंपन्यांनी आठवड्याच्या आत दुरुस्ती केली. तिसरीकडून 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत' एवढे उत्तर आले. भाचा दर महिन्याला तिला स्मरणपत्र धाडतो. परवा दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला हॉटेलमालकांचा फोन आला तेव्हा मी आधी तेच विचारले.

"आलो, साहेब," ते म्हणाले, "नदीच्या अलीकडं आलो. आता फकस्त रस्ता वलांडाचा रायला."