सड्यावरचा संघ

"सर, औंदाचो तुमचो प्लॅन कितें?" फुटबॉल क्लबच्या समितीच्या पहिल्याच बैठकीत चिटणीसांनी विचारले. प्रश्न साधा होता, पण खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात त्याचे उत्तर वेगळे होते. एकाला मोठ्या मुलांचा संघ वरच्या श्रेणीत गेलेला पाहायचा होता, दुसऱ्याला गावच्या सेव्हन-अ-साइड स्पर्धेतला करंडक हवा होता, तिसऱ्याचा मुलगा अकरा वर्षांचा होता. मी नुकताच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकाचा डी परवाना मिळवलेला, वयाने त्यांच्यापेक्षा लहान, आणि त्यात डिचोलीचा. नोकरीमुळे तुयेला येऊन राहिलेला. मी वही उघडून बसलो, आणि काय लिहावे ते मला खरोखरच कळेना.

परवान्याच्या वर्गात सगळे स्पष्ट वाटले होते. आधी वॉर्म-अप, मग चेंडूवर ताबा, मग पासिंग, शेवटी लहान संघांचा सामना. प्रत्येक सराव कागदावर आखायचा, कोन कुठे ठेवायचे तेही लिहायचे. तिथले मैदान हिरवे आणि सपाट होते, आणि जितकी मुले तितके चेंडू होते. पेडणे तालुक्यातल्या आमच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, तसे काही नाही. जमीन जांभ्याची. पाऊस ओसरला की थोडे दिवस गवत टिकते, मग वर लाल खडी येते आणि पडणाऱ्याचे गुडघे सोलून निघतात. खाली मळ्यात भात कापून झाले की जमीन मऊ आणि खेळायला उत्तम असते, पण वायंगणाची, म्हणजे दुसऱ्या भातपिकाची, नांगरणी सुरू झाली की तीही जाते. एकच मैदान धरून बारा महिन्यांचा कार्यक्रम आखायचा, तर तो आखायचा कसा?

हजेरीची वही त्याहून मोठे कोडे होती. दिवाळीच्या तोंडावर मोठ्या मुलांपैकी जवळजवळ कोणीच येईना. विचारले तर एवढेच उत्तर मिळाले, "नरकासूर करपाचो आसा, सर." रात्र रात्र जागून बांबू, गवत आणि कागदाचा तो राक्षस उभा करायचा असतो; ते सोडून मुले सरावाला येणे शक्यच नव्हते. त्याआधी चतुर्थी, मग पेडण्याची पुनव, फाल्गुनात शिगमो. रविवारी सकाळी मी डिचोली तालुक्यातल्या माझ्या गावी लहान मुलांना घेतो, तिथे वैशाखात आणखी वेगळी अडचण. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेआधी तिचे भक्त, म्हणजे धोंड, व्रत पाळतात, सोवळ्यात राहतात, आणि माझ्या गटातल्या कितीतरी मुलांच्या घरी धोंड आहेत. वडील तळीवर राहायला गेलेले, घरातले सगळे त्याच कामात. त्या दिवसांत मुलाला मैदानावर बोलावणे मला बरे वाटत नाही.

म्हापशाकडचे एक जुने प्रशिक्षक मला वडिलांसारखे. त्यांना ही वही दाखवली. त्यांनी माझे वेळापत्रक बाजूला ठेवले आणि आधी भिंतीवरचे कालनिर्णय काढायला सांगितले. सण, भात, पाऊस आणि परीक्षा यांच्या खुणा पहिल्यांदा करायच्या, उरलेल्या जागेत फुटबॉल बसवायचा. आता आमचा आराखडा तसाच आहे. शाळांची सुब्रोतो चषकाची तालुका पातळी भर पावसात येते, म्हणून जूनपासून चतुर्थीपर्यंतचा काळ आम्ही चिखलातल्या खेळाला देतो. पाणी साचलेल्या मैदानावर जमिनीलगतचा पास अडतो. चेंडू किंचित उचलून द्यावा लागतो आणि तो कुठे थांबेल याचा अंदाज बांधावा लागतो. हे कौशल्य मुलांना कोरड्या मैदानावर कधीच शिकवता येणार नाही.

गोव्यात फुटबॉल म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर सासष्टी येते, बार्देश येते. पेडणे आणि डिचोली येत नाहीत. याचे कारण शोधताना मला एका गोष्टीचे फार नवल वाटले. आयरिश धर्मगुरू फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी 1883 मध्ये गोव्यात फुटबॉल आणला, असे सांगतात, आणि तो आणला शिवोलीत. शिवोलीच्या समोर शापोरा नदी, आणि नदीपलीकडे चोपडे, म्हणजे आमचाच पेडणे तालुका. पूल होण्याआधी तिथे फेरीबोट चालायची. इतक्या जवळ येऊनही खेळ या तीरावर का रुजला नाही? माझ्या परीने मी उत्तर लावले आहे ते असे. तिकडे चर्च, चर्चची शाळा आणि शाळेचे मैदान हे सारे एकत्र होते. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांकडे उशिरा, अठराव्या शतकाच्या शेवटी गेले, पेडणे तर 1788 मध्ये. म्हणून इथे गावाचे केंद्र देऊळ राहिले, मुलांची संध्याकाळ भजनात, दशावतारात आणि मराठी शाळेच्या अंगणात गेली. पुढे क्रिकेट आले आणि त्याने घर केले. आजही सड्यावर आमच्या शेजारी टेनिस बॉलचा सामना चालू असतो आणि माझी निम्मी मुले आधी तिथे फलंदाजी करून येतात. त्यांना मी अडवत नाही. क्षेत्ररक्षणात उंच चेंडूचा अंदाज घ्यायला शिकलेला मुलगा गोलरक्षक म्हणून लवकर तयार होतो, हे मी पाहिले आहे.

डिचोलीचे दुःख निराळे आहे. माझ्या लहानपणी बाबांचा ट्रक खनिज घेऊन सारमानसच्या धक्क्यावर जायचा. डिचोलीची खाण तेव्हा धेंपोंची होती, 2009 मध्ये ती सेसा गोवाकडे गेली. त्याच धेंपोंच्या संघाने आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली 2005 ते 2012 या काळात देशाचे अजिंक्यपद पाच वेळा जिंकले. डोंगर आमच्या तालुक्यातला, आणि सामना पाहायला मात्र फातोर्ड्याला जायचे. सेसाने 1999 मध्ये साखळीत निवासी अकादमी सुरू केली, तेव्हा पहिल्यांदा आमच्या भागातल्या मुलांना फुटबॉल शिकायची जागा घराजवळ मिळाली. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभे राहिले, आणि गावोगावच्या स्पर्धांना करंडक आणि जर्सी देणारे हातही आखडले. 2016 मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्यावरून साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, त्याच वर्षी धेंपोही. त्या काळात जी मुले दहा-बारा वर्षांची होती ती आज माझ्या मोठ्या संघात आहेत. त्यांच्या पायात कसब आहे, पण अकराव्या वर्षापासून सतरापर्यंत त्यांना कोणी सलग शिकवलेलेच नाही.

या मोठ्या संघाचे काय करायचे, हे मला अजून पूर्ण उमगलेले नाही. कोणी मोपाच्या विमानतळावर पाळीत काम करतो, कोणी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी हरमल-मोरजीच्या हॉटेलांत. पाऊस संपला की फुटबॉलचा हंगाम भरात येतो, आणि पर्यटनाचाही नेमका तेव्हाच. रात्रीची पाळी करून आलेल्या मुलाला संध्याकाळी मी किती पळवू? सगळा संघ एकाच वेळी मैदानावर आलेला मी फक्त सामन्याच्या दिवशीच पाहतो. म्हणून अवघड रचना मी बाजूला ठेवल्या. चार बचावपटू, चार मध्ये, दोन पुढे, बस्स. जे आले असतील त्यांच्या जोड्या लावतो: दोन मधले बचावपटू आले तर त्या दिवशी फक्त त्यांचे काम, उजव्या बगलेचे दोघे आले तर त्यांचे. कोणी पुढे धावला तर मागची जागा कोणी भरायची, एवढा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा. समितीला हा सराव अपुरा वाटतो. मला तरी यापलीकडे प्रामाणिक मार्ग सुचलेला नाही.

खरा पेच आहे तो लहान मुलांचा, आणि माझा जीव त्यांच्यातच जास्त अडकला आहे. तेरा वर्षांखालच्या गटात एक मुलगा आहे, उंच, भरल्या अंगाचा. त्याच्याकडे लांब चेंडू टाकला की तो सगळ्यांना मागे टाकून गोल करतो. दुसरा त्याच्या खांद्याइतका. चेंडू त्याच्याकडे आला की तो आधी मान वर करून बघतो आणि मग बरोबर जागी पास देतो, पण धक्का लागला की पडतो. वयाच्या गटासाठी 1 जानेवारीची तारीख धरली जाते. पहिला जानेवारीतला, दुसरा डिसेंबरचा. कागदावर दोघे एका वयाचे, प्रत्यक्षात जवळजवळ एका वर्षाचे अंतर, आणि त्यात पहिल्याची वाढ लवकर सुरू झालेली. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या अकादम्यांतही वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले जास्त भरलेली असतात, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. म्हणजे पारखी लोकही शरीरालाच गुण समजून बसतात.

रविवारचा सामना जिंकायचा तर पहिल्याला पुढे ठेवून लांब चेंडू टाकत राहायचे. त्याने आपण जिंकू, मुले नाचतील, पालक खूष होतील. पण पहिला मुलगा पास द्यायला कधी शिकणार? सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्याइतके उंच होतील तेव्हा त्याच्याजवळ काय उरेल? आणि डिसेंबरचा मुलगा तोवर खेळ सोडून गेलेला असेल. हा विचार करून मी समितीला लेखी दिले आहे: तेरा वर्षांखालचा प्रत्येक मुलगा किमान अर्धा सामना खेळेल, कोणाचीही जागा कायमची ठरलेली नसेल, आणि या गटाचे यश करंडकावर मोजायचे नाही. बैठकीत बराच वाद झाला. एक पालक नंतर मैदानावर येऊन म्हणाले, "सर, आमच्या चेड्याक फुडें खेळयात, तो गोल मारता." मी त्यांना बसवून घेतले आणि जानेवारी-डिसेंबरचा हिशोब सांगितला. त्यांनी ऐकून घेतले. पटले की नाही ते माहीत नाही, पण मुलगा येतो आहे.

दहा वर्षांखालच्यांना तर आम्ही मोठे मैदान देतच नाही. जर्मनीच्या महासंघाने 2024-25 च्या हंगामापासून लहान गटांत तीन-तीन मुलांचे, चार छोट्या गोलांचे सामने देशभर लागू केले. कारण समजायला सोपे आहे: अकरा-अकराच्या खेळात लहान मुलाच्या पायाला चेंडू क्वचित लागतो, तीन-तीनमध्ये सतत लागतो. त्याला खर्च असा काही नाही. बांबूचे तुकडे रोवून आम्ही गोल केले. खर्च आला तो चेंडूंचा. क्लबकडे सगळे पाच नंबरचे, म्हणजे मोठ्यांचे, 410 ते 450 ग्रॅम वजनाचे. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा लागतो, त्याहून लहानांना तीन. चार नंबरचे चेंडू आधी घ्या, जर्सी नंतर, असा माझा आग्रह होता आणि तो मानला गेला, याचे मला फार समाधान आहे. हेडिंगचा सरावही या वयात पूर्ण बंद. इंग्लंडच्या संघटनेने 2020 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी तो थांबवण्याची सूचना केली, तीच मी पाळतो.

गोलात उभे राहायला कोणी तयार नसते. गोलात जायचे म्हणजे शिक्षाच, असा मुलांचा समज. त्यांना मी ब्रह्मानंद शंखवाळकरांची गोष्ट सांगितली. भारताचे कर्णधारपद सांभाळलेला आपला गोवेकर गोलरक्षक. 1983-84 ची संतोष करंडक स्पर्धा गोव्याने एकही गोल न स्वीकारता जिंकली, तेव्हा गोलात ते होते. 1997 चा अर्जुन पुरस्कार, 2022 मध्ये पद्मश्री. मुलांनी विचारले, "एकूय गोल ना?" त्यानंतर गोलरक्षणाला हात वर होऊ लागले आहेत. तरी पाळी सगळ्यांवर येते, कारण इतक्या लवकर कोणाला एका जागी बांधून ठेवायचे नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्यांपैकी जे पुढे जाऊ शकतील त्यांच्या बाबतीत मला अजून वाट सापडत नाही. मोठ्या क्लबांच्या निवड चाचण्या बहुधा दक्षिणेकडे. पेडण्याहून मडगाव साठेक किलोमीटर, कदंबची बस बदलून जायचे, शाळा बुडते, आणि सोबत घरातले कोणीतरी मोठे माणूस लागते. रोजच्या सरावाला इतके अंतर कापणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाही. तालुक्यातच पंधरा वर्षांखालचा चांगला गट टिकवायचा, डिचोली आणि पेडणे दोन्हींकडची मुले सुट्टीच्या दिवशी एकत्र आणायची आणि आपसात सामने खेळवायचे, एवढे आता ठरवले आहे. माझ्या गावची मुले आणि इथली मुले मागच्या महिन्यात पहिल्यांदा एकमेकांविरुद्ध खेळली. नंतर मिसळून संघ केले आणि पुन्हा खेळली. दुसरा सामना अधिक रंगला.

मोठ्या संघातले तिघे सुट्टीच्या वारी लहानांना सांभाळायला येऊ लागले आहेत. त्यांतल्या एकाला पंचाची परीक्षा द्यायची आहे, तिची चौकशी मी करतो आहे. राहिला मुलींचा प्रश्न. आठवीपर्यंत मुली मुलांबरोबर उत्साहाने खेळतात, नववीत गेल्या की एकेक करून येणे थांबते. आयांशी बोललो. बहुतेकींचे म्हणणे एकच: वेगळी वेळ हवी, अंधार पडायच्या आत घरी सोडायला हवे, आणि शिकवायला बाई हवी. तिन्ही मागण्या रास्त आहेत. वेळ ठरली आहे, सोडण्याची सोय होईल. शिकवणाऱ्या बाईंचा शोध चालू आहे. पेडणे किंवा डिचोलीत कोणी फुटबॉल खेळलेल्या ताई असतील, परवाना नसला तरी चालेल, तर त्यांनी एकदा सड्यावर यावे.