सुट्टीचा वाटा

शेतकऱ्याच्या घरी सुट्टी हा शब्द फारसा उच्चारला जात नाही. शाळेतल्या मुलांना सुट्टी असते, कचेरीतल्या कारकुनाला असते. पण ज्याच्या गोठ्यात दुभते जनावर आहे त्याला सुट्टी कसली? दिवस सणाचा असो की सुतकाचा, उजाडले की धार काढावीच लागते. आमच्या बेळगाव-खानापूर भागात बेंदराच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, पुरणपोळीचा घास भरवितात. वर्षातून एक दिवस तरी बैलाला हक्काची विश्रांती आहे. त्याच्या धन्याला तीही नाही, आणि धन्याच्या कारभारणीला तर मुळीच नाही. कारण त्या पुरणपोळ्या तिलाच लाटायच्या असतात!

हे सर्व सुचण्याचे कारण गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्यास घालविलेला एक दिवस होय. आम्ही तिघे बालमित्र. गावच्या शाळेत एका बाकावर बसून शिकलो. एक पुढे त्याच पेशात शिरून गुरुजी झाला, दुसऱ्याने वडिलांची शेती सांभाळली, आणि मी सेमिनरीची वाट धरली. तिघांनीही आता चाळिशी ओलांडली आहे. शेतकरी मित्राला घराबाहेर काढणे सोपे नव्हते. उसाचे पाणी, भातपेरणीची तयारी, गाभण म्हैस, अशी त्याची यादी तयारच होती. अखेर गुरुजींनी त्याच्या चुलतभावाला म्हशीजवळ थांबण्यास राजी केले, आणि पहाटेचे मिस्साबलिदान आटोपून आम्ही निघालो.

बेळगावचा रस्ता चंदगड तालुक्यातून आंबोलीला जातो, आणि घाट उतरून सावंतवाडीवरून वेंगुर्ल्याच्या बंदराला भिडतो. आमच्या पूर्वजांच्या काळी घाटावरचा माल बैलगाड्यांतून ह्या बंदरावर उतरत असे. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली होती. तिच्या पडक्या भिंती अद्याप उभ्या आहेत. पुढे १८८८ साली मुरगाव बंदरापर्यंत आगगाडी धावू लागली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याची वर्दळ ओसरली. आज गावात बाजार आहे, शाळा आहेत, आंबा-काजूचा व्यापार आहे. तथापि घाईने धावणारा माणूस तेथे क्वचितच दृष्टीस पडतो. विश्रांतीसाठी ह्याहून योग्य गाव कोणते?

घावन आणि चटणी पोटात गेल्याबरोबर शेतकरी मित्राला काम आठवले. त्याच्या बांधावर 'वेंगुर्ला-४' जातीची काजूची कलमे आहेत. ती जात ज्या फळ संशोधन केंद्रात तयार झाली ते केंद्र ह्याच गावी आहे, तेव्हा तेवढे पाहून येऊ, असा त्याने आग्रह धरला. गुरुजी म्हणाले, "सुट्टीत मला शाळा नको, फादरांना प्रवचन नको, तसा तुलाही काजू नको. समुद्राकडे चल."

सागरेश्वराच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा रापण ओढणे चालले होते. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडीतून लांबच लांब जाळे समुद्रात कमानीसारखे सोडीत नेतात, आणि दुसरे टोक दूर अंतरावर पुन्हा किनाऱ्याला आणतात. मग माणसांच्या दोन ओळी दोन्ही टोके ओढू लागतात, आणि ओढता ओढता एकमेकींच्या जवळ येतात. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. सारी वाडी त्याला लागते. आम्ही उभे राहून पाहत होतो, तोच एक वृद्ध रापणकार हसून म्हणाला, "हात लावल्यात तर वाटो गावतलो!"

आम्ही धोतरा-पँटी खोचून दोराला लागलो. सकाळपासून शेतकरी मित्र मला 'फादर, तुम्ही' असे आदराने संबोधीत होता. गावात तसेच म्हणायचे असते. पण ओल्या वाळूत माझे पाय घसरू लागले, दोर सैल पडला, तेव्हा तो मागून ओरडला, "अरे, ओढ की! झोपलास काय?" बाकावरचे ते जुने संबोधन पुष्कळ वर्षांनी कानी पडले. माझी आई देवाघरी गेल्यापासून मला 'अरे' म्हणणारे कोणी उरले नव्हते. त्या एका शब्दाने माझ्या हातात बळ आले, असे म्हटले तर कोणी हसू नये.

जाळ्यात तारल्या होत्या, थोडे बांगडे होते. वाटे पडू लागले तसे त्या वृद्धाला आम्ही त्यांची रीत विचारली. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, असा हिशोब त्याने सांगितला. त्यांच्यापैकी कोणी आजारी पडून घरी असला तर त्याच्या चुलीपर्यंतही काहीतरी पोहोचते, असेही तो म्हणाला. आमच्या पदरात ओंजळभर तारल्या आणि चार बांगडे पडले. खानावळीच्या बाईंनी बांगड्यांचे तिरफळे घातलेले तिखले केले. उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी ह्यांच्याबरोबर ते जेवण आम्ही किती वेळ जेवीत होतो, ते सांगण्यात अर्थ नाही.

दुपारी सुरूच्या झाडांखाली अंग टाकले. कोणी काही विशेष बोलत नव्हते. गुरुजींनी वाटेत घेतलेली जांभळे मध्ये ठेवली होती. बराच वेळ गेल्यावर शेतकरी मित्र समुद्राकडे पाहत म्हणाला, "ती गोकाकाकडची. लग्न झाल्यावर म्हणाली होती, एकदा मला समुद्र दाखवा. मी म्हटलं, सुगी संपली की जाऊ. बावीस वर्षं सुगी काही संपली नाही."

त्याची पत्नी जाऊन दीड वर्ष झाले होते. तिच्या अंत्यविधीचे प्रवचन मीच केले होते, आणि नंतरही अनेकदा धर्मगुरू ह्या नात्याने त्याच्या ओसरीवर बसलो होतो. मी पुनरुत्थानाच्या आशेविषयी बोलत असे, आणि तो "होय, फादर" म्हणत असे. ओसरीवर बसले की मागे गोठा हंबरतो, पुढे पाटाचे पाणी वाट पाहत असते. मनातली गोष्ट ओठांवर यायला तेथे अवसर मिळत नाही. सुरूच्या सावलीत त्याला कोणी हाक मारीत नव्हते. त्याला बोलायचे होते तेवढे तो बोलला. तिच्या हातची भाकरी, तिचे आजारपण, रुग्णालयातली शेवटची रात्र, सगळे. आम्ही दोघांनी ऐकले. गुरुजींनी शिकविले नाही, मी उपदेश केला नाही. शेवटी त्याने जांभळांची पिशवी पुढे ओढली आणि म्हणाला, "आई अजून आहे. तिनंही कुठं पाहिलाय समुद्र? पावसाआधी एकदा घेऊन येतो." परतताना स्थानकावर त्याने बेळगावच्या गाडीची वेळ विचारून घेतली.

धर्मगुरूनेच विश्रांतीची वकिली करावी ह्याचे कोणाला नवल वाटेल. परंतु प्रेषित दमून परत आले, जेवायलाही त्यांना सवड मिळेना, तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले, हे मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. मोशेच्या नियमशास्त्राने विसाव्याचा दिवस बैलाला, गाढवाला आणि परक्यालाही दिला, आणि सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्यावयास सांगितले. समुद्राचेही तसेच आहे. १ जूनपासून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला ६१ दिवसांची बंदी असते. त्या काळात माशांची वीण होते. ते दिवस समुद्राला दिले नाहीत तर पुढे जाळे रितेच येईल. कोळी बांधवांना हे कोणी शिकवावे लागले नाही. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात न घालण्याची त्यांची रीत फार जुनी आहे.

वाचकहो, आपल्या घरातली सुट्टी पाहा. ती कोणाकोणाच्या वाट्याला येते? मुले मामाकडे जातात, पुरुष जत्रेला जातात, आणि चूल मात्र एकाच व्यक्तीच्या नावे लिहिलेली असते. रापणीत गैरहजर माणसाचाही वाटा ठेवतात. आपल्या घरी जी सदैव हजर असते तिचाच वाटा राहून जातो. ह्यासाठी फार पैसा लागत नाही. समुद्र आपल्यापासून चारपाच तासांच्या वाटेवर आहे. सुगी संपण्याची वाट न पाहता एक दिवस ठरवावा आणि घरातल्या सर्वांनी मिळून जावे. त्या दिवशी आपल्या म्हशीची धार शेजाऱ्याने काढावी, आणि पुढच्या आठवड्यात तो जाईल तेव्हा त्याच्या म्हशीची आपण काढावी.