लगाम लेकीच्या हाती

आपल्या वस्तीत घोड्याचा विषय निघतो तो दोनच वेळी. एक, लग्नाच्या वरातीत. दुसरा, कुठल्या तरी गावात आपल्या नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढल्याची बातमी पेपरात येते तेव्हा. त्यामुळे पशुवैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या थोरल्या मुलीने राष्ट्रीय छात्र सेनेच्या घोडेस्वार पथकात नाव घातले, तेव्हा घरात कुणाला काय बोलावे ते सुचेना.

ह्यांनी विचारले, "पडलीस, हातपाय मोडला, तर दवाखान्याचे कोण बघणार?" सासूबाई म्हणाल्या, "बाई, आमच्या गावात वाड्यापुढून जाताना आपला नवरदेव पायी चालायचा. तुला कशाला पाहिजे घोडा?" मुलगी म्हणाली, "आजी, म्हणूनच पाहिजे."

सासूबाईंची भीती जुनी असली तरी खोटी नाही. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एकवीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा बाळगतो, घोड्यावर बसतो, म्हणून त्याला धमक्या येत होत्या, असे त्याच्या वडिलांनी पोलिसांना सांगितले. हे ऐकलेल्या आईने मुलीला घोड्यावर पाठवताना मन घट्ट करावेच लागते.

राष्ट्रीय छात्र सेना १९४८ साली स्थापन झाली. तिचे पायदळ आपल्याला माहीत असते. पण तिची रिमाउंट आणि व्हेटर्नरी पथकेही मोजक्या ठिकाणी आहेत. तिथे घोड्याची निगा आणि स्वारी शिकवतात. खाजगी क्लबची फी आपल्यासारख्यांच्या पगारात बसत नाही. इथे मात्र फी नाही, म्हणून हे दार आपल्या मुलामुलींना माहीत असले पाहिजे.

पहिले काही आठवडे तिला घोड्यावर बसूच दिले नाही. पहाटे उठून जायचे, लीद काढायची, खरारा करायचा, एकेक पाय उचलून खुरात अडकलेले खडे काढायचे. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "एवढे शिकून शेवटी लीदच काढायची का?" प्रश्न मलाही लागला. पण तबेल्यात एकदा गेले तर साहेबांची मुलेही हातात फावडे घेऊन उभी होती. घाण काढण्यात कमीपणा नाही. घाण एकाच्या जातीला आणि स्वारी दुसऱ्याच्या जातीला वाटून दिली, तिथे कमीपणा आहे. या पथकात जो लीद काढतो तोच खोगिरावर बसतो.

मुलगी घरी येऊन सांगू लागली आणि आम्ही सगळे शिकू लागलो. घोड्याला जवळपास सगळीकडचे दिसते, पण अगदी पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून जायचे नाही, आधी आवाज द्यायचा आणि डाव्या खांद्याकडून जवळ जायचे. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे वेडेवाकडे खाल्ले तर पोटदुखी जिवावर बेतते. बसण्याआधी तंग पुन्हा तपासायचा. बुटाला टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून पलीकडे जाऊन अडकतो. डोक्याला हेल्मेट हवेच.

तिसऱ्या महिन्यात दुडकी चाल शिकताना ती पडली. खांदा सुजला. एक्स-रे काढला, हाड शाबूत होते. हे म्हणाले, "बस झाले आता." दोन आठवडे ती घरी होती. त्या दिवसांत मला चाळीसगावची गोष्ट सारखी आठवत होती.

बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. १९२९ साली ते चाळीसगावला उतरले. वस्तीतले लोक त्यांना मुक्कामाला नेणार होते. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार होईनात. बाबासाहेबांनी पायी यावे हे आपल्या लोकांना सहन होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत गेला.

त्या भावाच्या प्रेमात काही उणे नव्हते. उणे होते ते शिक्षण, आणि ते त्याला कुणी दिलेच नव्हते. त्याच १९२९ साली इंग्लंडमध्ये मुलांना तट्टावर बसायला शिकवण्यासाठी पोनी क्लब स्थापन झाला. एकीकडे मुलांच्या हातात हौसेने लगाम दिला जात होता आणि आपल्या माणसाला तो पहिल्यांदा धरावा लागला तो अशा नाइलाजाने. मी ह्यांना एवढेच म्हटले, "अहो, तिला शिकवणारे आहेत. शिकू द्या."

आता तिकडेही चित्र पालटते आहे. लंडनच्या ब्रिक्स्टन या कष्टकरी वस्तीत १९९६ पासून एबनी हॉर्स क्लब चालतो. तिथे शिकलेली अठरा वर्षांची खदिजा मेल्लाह २०१९ मध्ये गुडवुडच्या मैदानावर हिजाब घालून शर्यतीत उतरली आणि पहिली आली.

आमची मुलगी शर्यत जिंकेल की नाही, ठाऊक नाही. ती पुन्हा खोगिरावर बसली आहे, आणि 'बी' प्रमाणपत्राची तयारी करते आहे. उद्या डॉक्टरीण म्हणून कुणाच्याही तबेल्यात ती न बिचकता जाईल. सासूबाई आता पहाटे तिच्या आधी उठून डबा भरतात आणि संध्याकाळी विचारतात, "आज घोड्याने चंदी खाल्ली का नीट?"

ज्यांची मुले कॉलेजात आहेत त्यांनी छात्र सेनेच्या कार्यालयात एकदा चौकशी करावी. कोणते पथक आहे, मुलींना जागा किती, हे स्वतः जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

जय भीम!