श्वास आत ओढ, बॉस!

माउथ ऑर्गन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? 'शोले'मधला अमिताभ. कॉलेजच्या ट्रिपला बसच्या शेवटच्या सीटवर बसून सेंटी होणारा एक मुलगा. बास! माझंही तेवढंच होतं. मग एका रात्री डेडलाइनशी मारामारी चालू असताना लिट्ल वॉल्टरचं 'ज्यूक' कानावर पडलं आणि मी टायपिंग थांबवलं. हा माउथ ऑर्गन आहे? सॅक्सोफोन नाही? खलास!

पुढच्या चेकमध्ये हार्मोनिका आली, त्याच्या पुढच्यात माइक, मग छोटा अ‍ॅम्प. दोन वर्षं घासली. सूर बरोबर लागायचे, पण आवाज? शेजारच्या काकूंच्या मते, कुकरची रिंग सैल झाल्यासारखा. म्हणून मावसभावाकडे शिकागोला जायचं ठरलं, तेव्हा शॉपिंगच्या यादीत पहिली वस्तू लिहिली : टोन.

बाजार उठला, पण...

"अगं, मॅक्सवेल स्ट्रीटला बघायला आहे काय?" दादा गाडी पार्क करता करता म्हणाला. खरंच काही नव्हतं. चकाचक अपार्टमेंट्स, लॅपटॉप घेऊन चाललेली युनिव्हर्सिटीची मुलं. कुठून तरी परतलेल्या कांद्याचा वास येत होता, कारण कांदा-मोहरीवालं 'मॅक्सवेल स्ट्रीट पोलिश' सॉसेज अजून जवळपास मिळतं. तेवढीच काय ती जुनी खूण.

एके काळी दर रविवारी इथे भला मोठा बाजार भरायचा. मोज्यांपासून मोटारीच्या पार्ट्सपर्यंत सगळं मिळायचं. मिसिसिपीकडून कामाच्या शोधात आलेले कृष्णवर्णीय वादक कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहायचे. आसपासच्या घरातून, दुकानातून वायर ओढून वीज घ्यायची, त्याचे पैसे द्यायचे आणि अ‍ॅम्प लावायचा. लुइझियानातून आलेला वॉल्टर जेकब्स, म्हणजेच लिट्ल वॉल्टर, टीनएजर असताना इथेच वाजवायचा. इलेक्ट्रिक गिटारच्या गोंगाटात बिचारी वीतभर हार्मोनिका ऐकू कशी येणार? मग साधा माइक हार्मोनिकाबरोबर ओंजळीत घट्ट धरायचा आणि अ‍ॅम्प इतका चढवायचा की आवाज फाटायला लागेल. वॉल्टरने त्या फाटण्यातच नवा आवाज शोधला. १९५२ मध्ये आलेलं 'ज्यूक' आठ आठवडे आर अँड बी चार्टवर नंबर वन होतं, तेही एक शब्द न गाता!

१९९४ मध्ये युनिव्हर्सिटीच्या विस्तारासाठी बाजार इथून हलवला गेला. मी फुटपाथवर उभी राहून हेडफोनवर 'ज्यूक' लावलं. टोन शोधायला आले होते आणि पत्ताच पुसलेला होता.

तळघरातली शाळा

दादाच्या ऑफिसातल्या एकाने गाठ घालून दिली, म्हणून साउथ साइडच्या एका तळघरात पोचले. सत्तरी ओलांडलेले आजोबा, तरुणपणी रात्र रात्र क्लबमध्ये हार्मोनिका वाजवलेले. माझा माइक बघून हसले आणि तो उचलून कपाटावर ठेवला. "हा नंतर. आधी तू." मग माझीच स्वस्तातली हार्मोनिका पुसून तोंडाला लावली. एकच सूर. माइक नाही, अ‍ॅम्प नाही, आणि खोली भरून गेली!

मग धडा सुरू झाला. दहा भोकांची ही हार्मोनिका मुळात जर्मन लोकगीतांसाठी बनलेली. 'सी'ची हार्मोनिका फुंकली की 'सी'चे सूर सरळसोट मिळतात. ब्लूजवाल्यांनी तीच 'जी'मध्ये वाजवली. त्यामुळे महत्त्वाचे सूर फुंकण्याऐवजी श्वास आत ओढण्यावर आले. आणि खालच्या भोकांतले ओढलेले सूर वाकवता येतात, आपल्या मींडेसारखे खाली घसरवता येतात. ब्लूजचं रडणं-हसणं सगळं तिथे. "तू ओठांनी वाजवतेस," आजोबा म्हणाले. "जांभई देताना घसा उघडतो ना, तसा उघड. खोली तुझ्या तोंडात आहे, अ‍ॅम्पमध्ये नाही."

तासभर मी फक्त दुसऱ्या भोकातून श्वास ओढत होते. एक सूर. परत तोच सूर. घरी आठवड्यात तीन गाणी 'बसवणारी' मी!

मध्येच त्यांनी वाजवून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले. "आता श्वास पुरत नाही," म्हणाले, अगदी सहज. मला काय बोलावं कळेना. हा आवाज रेकॉर्डवर राहील, पण तो काढायचा कसा, हे समोर बसूनच कळतं. समोर बसवणारी माणसंच कमी होत चालली आहेत. खुद्द वॉल्टर १९६८ मध्ये गेला, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. त्याच्या कबरीवर १९९१ पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

कॉपी, पण कुठपर्यंत?

"म्हणजे मी वॉल्टरसारखं कधी वाजवणार?" न राहवून विचारलंच. उत्तरादाखल जेम्स कॉटनची गोष्ट मिळाली. मिसिसिपीतला हा पोरगा रेडिओवर सनी बॉय विल्यमसनची हार्मोनिका ऐकून वेडा झाला आणि लहानपणीच त्याच्याकडे राहायला गेला. क्लास नाही, नोट्स नाहीत. बघायचं, ऐकायचं, वाजवायचं. अगदी आपल्या जुन्या गुरूघरासारखं. १९५४ मध्ये तो मडी वॉटर्सच्या बँडमध्ये आला, म्हणजे थेट वॉल्टरने गाजवलेल्या जागेवर. लोकांना 'ज्यूक' हवं असायचं, जसंच्या तसं. कॉटनने ते वाजवलंही. पण शेवटी मडीला सांगून टाकलं की मी काही लिट्ल वॉल्टर होणार नाही, मला माझं वाजवू दे. २०१७ मध्ये गेला तेव्हा तो कुणाची कॉपी म्हणून गेला नाही.

ऑफिसात बॉसचं प्रेझेंटेशन जसंच्या तसं उचलणाऱ्या आपल्या पिढीला हे झेपेल? माहीत नाही. पण आधी मनापासून कॉपी करायची आणि मग ती सोडायची, हा क्रम मला पटला.

निघताना आजोबांनी परत तोच सूर वाजवायला लावला. घसा उघडला, श्वास ओढला. आवाज वॉल्टरचा नव्हता. पण कुकरचाही नव्हता! आजोबा डोळे मिटून ऐकत होते. माइक कपाटावरच राहिला असता, दादाने आठवण केली म्हणून घेतला.

जाणार असाल तर...

• २१२०, साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू : चेस रेकॉर्ड्सचा प्रसिद्ध स्टुडिओ, आता ब्लूज हेवन फाउंडेशनची वास्तू. 'ज्यूक' मात्र इथलं नाही. चेस इथे १९५७ मध्ये आलं.
• रोझाज लाउंज, आर्मिटेज अ‍ॅव्हेन्यू : १९८४ पासूनचा घरगुती क्लब. हार्मोनिकावाला बिली ब्रांच इथे वाजवत आलाय. १९७८ पासून तो शाळांमधून मुलांना ब्लूज शिकवतोय.
• शिकागो ब्लूज फेस्टिव्हल : उन्हाळ्यात, मिलेनियम पार्कमध्ये. आणि चक्क फुकट!