डोंगा गेला, डबे आले

गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसा. सौंदड मागे पडलं की धानाच्या बांध्या, मधेच एखादी बोडी, पुन्हा बांध्या आणि मग तलाव. हा तलावांचाच मुलूख. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. गावकऱ्यांनी त्यांना देव केलं, कोलासूर. भोवतीच्या सात टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात. असे लहानमोठे तलाव इथे गावोगाव आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी'चं लोकांनी 'मामा तलाव' करून टाकलं!

कोहळ्यांनी तलाव बांधले, तर त्या पाण्यावरचा संसार धिवरांचा. मासोळी त्यांची, शिंगाडाही त्यांचाच. त्यासाठी लागे डोंगा. सरळ, जाड बुंध्याचं एकच झाड घ्यायचं आणि ते आतून कोरत जायचं. ना खिळा, ना सांधा. असा डोंगा उन्हात कोरडा पडला तर तडकतो, म्हणून काम नसलं की तो पाण्यातच बुडवून ठेवायचा. आता तसं झाड सापडणं कठीण आणि सापडलं तरी तोडायची परवानगी कोण देणार? मग माणूस हाताला लागेल त्यातून नाव करतो.

तलावाच्या पाळीवर पाहाल तर नाना तऱ्हा दिसतील. कुठे ट्रकच्या जुन्या ट्यूबवर फळी बांधलेली, तर कुठे खताच्या पोत्यात शिवलेला थर्माकोल. कुणी बांबूच्या चौकटीखाली रिकामे डबे आवळलेले. हसू नका. यात हिशेब आहे आणि तो तुमच्या मुलांनाही करता येईल.

पाण्यात बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढं वजन पाणी उचलून धरतं. एक लिटर म्हणजे एक किलो. २०० लिटरचे चार प्लॅस्टिक ड्रम घट्ट बंद केले तर ८०० किलो उचल मिळते. पण ड्रम अर्ध्याहून जास्त बुडू द्यायचे नाहीत, म्हणून धरायचे ४००. त्यातून ड्रम, बांबू आणि फळ्यांचे शंभरेक किलो वजा करा. उरले ३००. म्हणजे तीन माणसं आणि थोडं सामान, बस्स. थर्माकोलचंही तसंच. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि अर्धा फूट जाड तुकडा पूर्ण बुडायला अडीचशे किलो लागतात. अर्ध्यावर थांबायचं, तर एक माणूस, त्याचं जाळं आणि टोपलीभर मासोळी.

ड्रम घेताना तो कशाचा होता हे विचारा. कीटकनाशकाचा असेल तर कितीही धुतला तरी तलावात नेऊ नका. आधी मासे मरतील, मग तेच पाणी जनावरं पितील. लोखंडी ड्रम आतून गंजतो आणि वरून काही कळत नाही. थर्माकोल उघडा ठेवला की त्याचे मणी सुटून पाण्यावर पसरतात, मासे ते गिळतात. शिवाय डिझेल-पेट्रोल लागलं की तो विरघळतो. ट्यूब हलकी खरी, पण काटेरी शिंगाड्याच्या तलावात तिचा काय भरवसा? एकीच्या जागी दोन ट्यूब बांधा, म्हणजे एक फुटली तरी काठ गाठता येतो. बांधायला नायलॉनची दोरी बरी, तार गंजते आणि कापतेही.

हे सगळं झालं उभ्या पाण्याचं आणि एकट्या माणसाचं. इटियाडोहसारख्या धरणावर दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. मग थर्माकोलचा हलका तराफा माणसाचं ऐकत नाही, वाऱ्याचं ऐकतो. नदीची गोष्ट तर त्याहून वेगळी. आपल्या तिरोड्याच्या बाजूने वाहणारी वैनगंगा पुढे भंडारा करून गडचिरोलीत जाते. तिथे चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ जानेवारी २०२४ मध्ये मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायकांची नाव उलटली. बायका बुडाल्या. त्या सकाळी कामालाच निघाल्या होत्या, जशा तुमच्या-आमच्या घरच्या निघतात.

तेव्हा रोवणी असो की तोडणी, पलीकडे जायचं असेल तर नावेत चढण्याआधी माणसं मोजा. सगळ्यांनी बसून राहायचं, एका बाजूला झुकायचं नाही. पोहता न येणाऱ्या प्रत्येकाजवळ तेलाचे पाच-पाच लिटरचे दोन रिकामे डबे हवेत. झाकणं घट्ट लावायची, दोन्ही डबे दोरीने जोडायचे आणि दोरी छातीवरून घेऊन ते काखेखाली बांधायचे. दहा किलोची उचल माणसाचं तोंड पाण्यावर ठेवायला पुरते. ते लाइफ जॅकेटची बरोबरी करत नाहीत. जॅकेट मिळत असेल तर तेच घ्या, गावाने चार घेऊन ठेवली तरी चालतील. नाही मिळालं तर डबे आहेतच, घरोघरी असतात.