पत्रा बरा की स्लॅब?

तीन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलात आम्ही चाळीतले बिऱ्हाड हलवून पालेगावच्या नव्या इमारतीत राहायला आलो. आगपेटीच्या कारखान्यात जन्म काढलेल्या वडिलांना पक्के घर पाहायला मिळाले नाही, आईला मिळाले. वंदना झाली, खीर वाटली. सातवा मजला, अगदी शेवटचा. वर थेट गच्ची. वरच्या मजल्याला भावात सूट का मिळाली, ते आम्हांला पहिल्याच आठवड्यात कळले.

आईला दमा. रात्री अकरा वाजले तरी ती पदराने वारा घेत बसलेली असायची. एके रात्री म्हणाली, "पत्र्यात व्हतो तवा दुपारी भाजायचो, पन रातच्याला डोळा तरी लागायचा. ह्ये घर रातच्यालाच जास्त तापतंय."

आम्ही हसण्यावारी नेले. पण डिप्लोमाला सिव्हिल शिकणारा भाचा रविवारी आला, तो म्हणाला, "आजी बरोबर सांगतेय." पत्रा पातळ असतो, ऊन गेले की निवतो. काँक्रीटचा चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो, आणि ती धग खाली उतरायला काही तास लागतात. दुपारचे ऊन आपल्या डोक्यावर येते ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी. स्टुलावर चढून आम्ही छताला हात लावला. ताप चढलेल्या पोराच्या कपाळासारखे ते लागत होते. पंखा तीच धग खाली ढकलणार, दुसरे काय करणार?

सगळ्यांनी एकच सल्ला दिला, एसी घ्या. मुलीच्या क्लासची फी आणि एसीचा हप्ता एकाच पगारातून जाणार होता. शिवाय आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशाची. चंद्रपूरला आमची आत्या राहते, तिथल्या औष्णिक केंद्राची राख आणि धूर तिच्या नशिबी. आमच्या गारव्यासाठी तिच्याकडे आणखी कोळसा जाळायचा, हेही मनाला पटेना.

भाच्याने चुन्याचा उपाय सांगितला. पांढरा रंग ऊन परतवतो, मग स्लॅब तापतोच कमी. तेलंगणा सरकारने तर २०२३ साली अशा थंड छतांचे धोरणच काढले. आम्ही सोसायटीच्या सभेत विषय मांडला. उत्तर आले, "तुमच्या डोक्यावरची गच्ची, तुम्हीच रंगवा." गच्ची सगळ्यांची, पण ऊन मात्र आमचे! शेवटी परवानगी तेवढी मिळाली. शेजारचे बिऱ्हाड आणि आम्ही मिळून गच्ची झाडली, धुतली, भेगा बुजवल्या. कळीचा चुना रात्रभर भिजवला, गाळून त्यात फेविकॉल घातले आणि दोन हात मारले. हातमोजे घालायला विसरू नका भगिनींनो, आमच्या बोटांची सालटी निघाली. डोळ्यांनाही जपा. आठवड्याभरात संध्याकाळी छताला हात लावला तर धग बरीच उतरलेली.

तरी हवा कोंडलेलीच. आमची खोली १० बाय १२, खिडकी ५ बाय ४. दिसायला केवढी! पण ती सरकती, एक काच दुसरीमागे जाते, म्हणून उघडते निम्मीच. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी 'इको-निवास संहिता' काढली. तिच्यात आपल्यासारख्या उष्ण-दमट भागासाठी सांगितले आहे की घराच्या चटईक्षेत्राच्या निदान सहाव्या हिश्श्याइतकी जागा बाहेरच्या हवेला उघडणारी हवी. त्या हिशेबाने आमच्या १२० चौरस फुटांना २० हवेत, आहेत १०. नमुना फ्लॅट पाहायला गेलो तेव्हा आम्ही लाद्या पाहिल्या, किचनचा ओटा पाहिला. खिडकी सरकवून कोणी पाहिली नाही.

उजेड-वाऱ्याची ही मागणी काही आजची नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, अंधाऱ्या कोंदट खोल्यांतून माणसे मेली, तेव्हा कुठे सरकारला जाग येऊन १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. परळला बाबासाहेब राहत होते ती बी.आय.टी. चाळ त्याच ट्रस्टची.

खिडकी बदलणे परवडले नाही. मग आम्ही मुख्य दाराला बाहेरून जाळीचा दरवाजा लावला. वारा खिडकीतून आत आला तरी त्याला बाहेर जायला वाट लागते, ती अशी झाली. आता संध्याकाळी आतले दार उघडे राहते, समोरच्या काकूंशी आईच्या गप्पाही होतात. जुना पंखा ७५ वॅटचा होता, तो काढून पस्तीसच्या आतला बसवला. दुपारी मात्र खिडक्या लावून जाड पडदे ओढतो. ऊन कलले की सगळे सताड.

एसी घेतला नाही. मे महिन्यात दोन-चार रात्री अजूनही जड जातात, आई गॅलरीत चटई टाकते. पंप तिच्या उशाशी असतोच, पण हल्ली रात्री-अपरात्री तो कमी लागतो.

चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी पुन्हा लावावा लागतो. यंदा फेब्रुवारीत गच्चीवर गेलो तर पाचव्या मजल्यावरचे दादा बादली घेऊन हजर. त्यांच्या नळाला दुपारी चटका देणारे पाणी येते. म्हणाले, "उरला तर त्या काळ्या टाकीवर पण मारू या."